गुडघेदुखी आणि शेतकरी : कूर्चेची निगा कशी राखावी?

बैलाची, अवजाराची आणि यंत्राची निगा राखण्याची सवय आपल्याला असते. हंगामापूर्वी आपण पंप उघडून पाहतो, ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, पाभरीचे फण तपासतो, बैलाला नाल ठोकतो. परंतु ज्या दोन गुडघ्यांच्या बळावर पेरणीपासून काढणीपर्यंतची सर्व कामे पार पडतात, त्यांच्याकडे मात्र ते दुखू लागेपर्यंत कोणाचेच लक्ष जात नाही. दुखू लागल्यावरही "आता वयच झाले" असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते, किंवा बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन एखादे इंजेक्शन घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पद्धतीने काम सुरू होते. या दोन्ही मार्गांनी गुडघा वाचत नाही.

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या संधिवात नियंत्रण कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींची माहिती घेतली असता दर १०० पैकी सुमारे १८ जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. सुमारे ६ जणांना झिजेचा संधिवात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. हा रोग केवळ शहरातल्या बैठ्या माणसांचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात गुडघ्यातील कूर्चा म्हणजे काय, ती कशाने झिजते आणि शिल्लक कूर्चा राखण्यासाठी शेतात व घरात काय करता येते, याची माहिती दिली आहे.

कूर्चा म्हणजे काय?

मांसाहारी घरात बोकडाच्या नळीचे टोक सर्वांनी पाहिलेले असते. हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, गुळगुळीत, चकचकीत असा जो थर दिसतो तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी यांच्या एकमेकांना लागणाऱ्या बाजूंवर असाच थर असतो. त्याची जाडी साधारणपणे २ ते ४ मिलिमीटर असते. वाटीच्या मागील बाजूस तो याहूनही जाड असतो. हाडावर हाड न घासता गुडघा सहज वळतो तो या थरामुळे.

कूर्चेत सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असते. हे पाणी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या विशिष्ट रेणूंत अडकलेले असते. म्हणून भार आला की कूर्चा थोडी दबते आणि भार निघाला की पुन्हा फुगते.

कूर्चेची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. शेताच्या भाषेत सांगावयाचे तर तिला स्वतःचा पाट नाही, तिला फक्त पाझर मिळतो. सांध्यात जो चिकट द्रव असतो त्यातून तिला अन्न व प्राणवायू मिळतो. चालताना गुडघ्यावर भार येतो-जातो, कूर्चा दबते-फुगते आणि त्या हालचालीने हा द्रव तिच्यात मुरतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, कूर्चेला इजा झाली तर ती त्वचेसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. दुसरा असा की, गुडघा हललाच नाही तर कूर्चेची उपासमार होते. अर्धांगवायूने किंवा मणक्याच्या इजेने पाय निकामी झालेल्या रुग्णांत भार नसतानाही कूर्चा पातळ होत जाते ती याच कारणाने.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजत असताना सुरुवातीस दुखत नाही. दुखणे सुरू होते ते आजूबाजूचे अस्तर, हाड आणि स्नायू यांच्यामुळे. म्हणजे गुडघा दुखू लागतो तेव्हा झीज पुष्कळदा बरीच आधी सुरू झालेली असते.

झीज का होते?

"गुडघ्यातले वंगण संपले" असे आपण सहज म्हणतो. ही समजूत बरोबर नाही. सांध्यातील द्रव संपत नाही. उलट दुखऱ्या गुडघ्यात पुष्कळदा तो जास्त होऊन सूज येते. तूप, तेल किंवा डिंकाचे लाडू खाल्ल्याने ते "वंगण" सांध्यात उतरत नाही. खरा बिघाड कूर्चेत असतो. तिच्यातील पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, पृष्ठभाग खरखरीत होतो, भेगा पडतात आणि थर पातळ होतो. सोबत हाडाच्या कडांना अंकुर फुटतात, अस्तराला सूज येते आणि मांडीचे स्नायू वाळतात.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधील मोकळी फट ही तिचीच जागा असते. ती फट कमी झाली म्हणजे कूर्चा कमी झाली असा अर्थ असतो. "गुडघ्यात गॅप पडला" असे जे सांगितले जाते ते म्हणूनच उलटे आहे. गॅप पडलेला नसून कमी झालेला असतो.

झीज वाढविणारी प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) वय : साधारणपणे पंचेचाळिशीनंतर प्रमाण वाढते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक आढळते.

२) जादा वजन.

३) जुनी इजा : बैलाची धडक, मोटारसायकलवरून पडणे, कबड्डीत गुडघा मुरगळणे अशा प्रसंगी आतील बंध किंवा गादी फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांना पुढील १० ते २० वर्षांत गुडघ्याची झीज होते. म्हणून तरुण मुलाचा सुजलेला गुडघा केवळ चोळून सोडून देऊ नये.

४) कामाची पद्धत : अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून १९९१ साली असे दिसून आले की, गुडघे सतत वाकवावे लागणाऱ्या कष्टाच्या कामातील पुरुषांत पुढे गुडघ्याची झीज अधिक होती. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीतही तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांत झिजेचे प्रमाण जास्त आढळले.

५) आनुवंशिकता आणि पायांचा बाक.

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही. वजन, कामाची पद्धत आणि स्नायूंचे बळ या तीन गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. झिजलेली कूर्चा परत आणणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. म्हणून शिल्लक कूर्चा राखणे हाच खरा उपाय होय.

वजनाचा हिशेब

सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो तिपटीच्या पुढे जातो. गुडघ्याच्या वाटीखालचा दाब तर सपाट चालताना वजनाच्या निम्मा असतो, जिना चढता-उतरताना सुमारे तिप्पट होतो आणि खोल उकिडवे बसून उठताना सात-आठ पटींपर्यंत जातो.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो. समजा, आपण पाच किलो वजन कमी केले. एक किलोमीटर चालताना एका पायाची सुमारे ७०० पावले पडतात. म्हणजे ५ × ४ × ७०० = १४,००० किलो. एका किलोमीटरमागे प्रत्येक गुडघ्यावरचा एकूण १४ टन भार वाचला! शेतात दिवसाकाठी चार-पाच किलोमीटर चालणाऱ्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा. फ्रॅमिंगहॅमच्याच पाहणीतून १९९२ साली असे आढळले की, ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे पाच किलोने घटले त्यांच्यात गुडघ्याचा त्रासदायक संधिवात होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली.

वजन कमी करण्यासाठी उपास करण्याची गरज नाही. चहातील साखर कमी करावी, दिवसातील चहाचे कप मोजावेत, तळलेले पदार्थ व फरसाण रोज खाऊ नयेत. भाकरी-भाताचे प्रमाण थोडे घटवून त्या जागी डाळ, उसळ, पालेभाजी, ताक व काकडी-मुळा यांचे प्रमाण वाढवावे. मात्र जी व्यक्ती मुळातच किडकिडीत आहे तिने वजन कमी करू नये. तिच्यासाठी स्नायूंचे बळ वाढविणे अधिक महत्त्वाचे आहे.

डोक्यावरचा भारा हेही गुडघ्याच्या दृष्टीने वजनच असते, हे विसरू नये.

शेतकामात करावयाचे बदल

१) खुरपणी : आपल्याकडे खुरपणी प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि ती उकिडवे बसून, पुढे सरकत केली जाते. गुडघ्याला सर्वाधिक जाच याच कामाचा होतो. म्हणून पेरणी ओळीत व योग्य अंतरावर करावी, म्हणजे दोन ओळींतील तण उभ्याने सायकल कोळप्याने काढता येते. भातखाचरात चक्री कोळपे वापरावे. हाताने खुरपण्यासाठी फक्त ओळीतील तण शिल्लक राहते आणि बसण्याचे तास कमी होतात. भाजीपाला व फळबागेत आच्छादनाचा वापर केल्यास तणच कमी उगवते.

२) बसण्याचे साधन : दक्षिण कोरियातील शेतकरी स्त्रिया फोमची जाड, गोल बैठक पट्ट्यांनी मांड्यांना अडकवून शेतात काम करतात. उठून पुढे गेले की बैठक सोबतच येते. पावणेदोन-दोन वीत उंचीचे हलके लाकडी वा प्लास्टिकचे स्टूल किंवा जुन्या फोमचे तुकडे रेग्झीनमध्ये शिवून अशी बैठक घरीही करता येते. तिच्यामुळे शरीराचा भार गुडघ्यावर न येता बैठकीवर येतो. बैठक जितकी उंच तितका गुडघा कमी वाकतो.

३) कामाची पाळी : अर्धा तास बसून काम झाले की पाच मिनिटे उभे राहून पाय मोकळे करावेत. शक्य असल्यास बसण्याचे व उभ्याचे काम आलटून पालटून करावे. एका जागी तीन तास बसून मग एकदम उठणे सर्वांत वाईट.

४) टोकणणी व पेरणी : उभ्याने चालविण्याचे टोकण यंत्र वापरावे. दर दोन पावलांवर खाली बसण्याचा त्रास वाचतो.

५) शेंगा तोडणी, मका सोलणी, भाजी निवडणे : ही कामे जमिनीवर बसून न करता स्टुलावर किंवा खाटेच्या काठावर बसून करावीत. ढीग जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा विटांवर ठेवलेल्या फळीवर ठेवावा.

६) ओझे : एकदाच ३० किलोचा भारा नेण्यापेक्षा दहा-दहा किलोच्या तीन फेऱ्या बऱ्या. चाऱ्यासाठी एकचाकी ढकलगाडी किंवा सायकल वापरावी. पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर द्रावण भरले की पंपासह सुमारे २० किलो ओझे होते आणि तेही चिखलात, वाकड्यातिकड्या पावलांनी. गुडघेदुखी असणाऱ्याने पंप अर्धाच भरावा किंवा हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

७) ट्रॅक्टर : ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरू नये. ट्रॅक्टरकडे तोंड करून, हाताने धरून, पायरीवर पाय ठेवून उतरावे.

८) दूध काढणे : उकिडवे न बसता स्टुलावर बसावे.

गुडघे वाचविण्यासाठी गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे दुखणे गुडघ्यातून कंबरेत जाते, इतकेच.

स्वतःच्या शेतात काम करणाऱ्यास कामाची पद्धत बदलता येते. मजुरीने खुरपणी करणाऱ्या स्त्रीला मात्र तो अधिकार नसतो. तिने मध्येच उठून उभे राहावे तर कामचुकारपणाचा ठपका येतो. तरी मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांनी कोळप्याची व बैठकींची सोय करावी आणि पाय मोकळे करण्यासाठी वेळ द्यावा. थकलेल्या व दुखऱ्या पायांनी झालेली खुरपणी तशीही स्वच्छ होत नाही.

घरात करावयाचे बदल

स्वयंपाक उभ्याने ओट्यावर करावा. जेवणासाठी, देवपूजेसाठी व पारावर बसण्यासाठी जमिनीऐवजी खुर्ची किंवा उंच चौरंग वापरावा. खाट इतकी उंच असावी की बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर जाणार नाहीत. कमी पडल्यास पायांखाली लाकडी ठोकळे ठेवावेत. शौचालयात कमोड बसविणे उत्तम. ते शक्य नसल्यास देशी भांड्यावर ठेवता येणारी कमोडची खुर्ची मिळते. भिंतीला धरण्यासाठी पाइपचा दांडा बसवून घ्यावा. कपडे व भांडी धुण्यासाठी उंच दगड किंवा कट्टा बांधावा.

काठी वापरण्यात कमीपणा मानू नये. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. हात सरळ सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत काठीची मूठ यावी. पायात मऊ तळव्याची, टाच नसलेली, मागे पट्टा असलेली पादत्राणे असावीत.

विश्रांती नव्हे, व्यायाम

गुडघा दुखला की अंथरूण धरणे ही सर्वांत मोठी चूक होय. सुजलेल्या गुडघ्याला दोन-चार दिवस आराम द्यावा. परंतु त्यापुढे हालचाल थांबविली तर मांडीचे स्नायू वाळतात, गुडघ्याला बसणारे धक्के झेलण्यास कोणी उरत नाही आणि झीज वाढते. स्वीडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गादी फाटल्यामुळे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना चार महिने देखरेखीखाली व्यायाम दिला असता त्यांच्या कूर्चेची गुणवत्ता सुधारल्याचे आढळले. वेदना कमी करण्यातही नियमित व्यायामाचा परिणाम वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीचा असल्याचे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

"दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. शेतकामाने शरीर थकते हे खरे. परंतु त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूला हवे ते विशिष्ट बळ मिळेलच असे नाही, आणि भार मात्र पुरेपूर येतो. पुढील व्यायाम दिवसातून दोनदा करावेत. त्यांना वीस मिनिटे पुरतात.

१) पाय पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी. मनात पाच आकडे मोजून सैल सोडावे. असे १० ते १५ वेळा करावे.

२) उताणे झोपून एक पाय गुडघ्यात वाकवावा. दुसरा पाय ताठ ठेवून एक वीतभर उचलावा, पाच आकडे मोजून सावकाश खाली आणावा. १० वेळा करून पाय बदलावा.

३) खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच आकडे धरावा व सावकाश खाली न्यावा. तीन-चार आठवड्यांनी जमू लागल्यावर घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधावी.

४) कुशीवर झोपून वरचा पाय ताठ ठेवून वर उचलावा. यामुळे कंबरेच्या बाजूचे स्नायू बळकट होतात आणि चालताना गुडघ्याचा तोल सांभाळला जातो.

५) उंच खुर्चीतून किंवा खाटेवरून हाताचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. सुरुवातीस पाच वेळा करावे.

६) भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा, टाच जमिनीवर टेकवून पोटरीला ताण द्यावा.

यांखेरीज रोज सपाट रस्त्यावर अर्धा तास चालावे. एकदम जमत नसल्यास दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. सायकल चालविणे उत्तम. मात्र पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल इतकी सीट उंच असावी. पोहता येत असल्यास पोहणे फारच चांगले, कारण पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही.

व्यायाम किती करावा याचा एक सोपा नियम आहे. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. ते दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले पाहिजे. तसे न झाल्यास व्यायाम बंद न करता निम्मा करावा आणि हळूहळू वाढवावा.

स्नायूंना बळ येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून खरिपाच्या खुरपणीसाठी गुडघे तयार करावयाचे असतील तर व्यायामाला मार्चअखेरीस, गुढीपाडव्याच्या सुमारास सुरुवात करावी. मृग निघाल्यावर सुरू केलेला व्यायाम त्या हंगामाला उपयोगी पडत नाही. हंगामातही तो आठवड्यातून निदान तीन दिवस चालू ठेवावा.

औषधे व इंजेक्शने : काय लक्षात ठेवावे?

वेदना कमी झाल्याशिवाय व्यायाम होत नाही, म्हणून औषधांना स्थान आहे. परंतु औषधाने कूर्चा वाढत नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

वेदनाशामक मलम प्रथम वापरून पाहावे. ते पोटात जात नसल्याने धोका कमी असतो. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणाऱ्याला मूत्रपिंडाचा धोका अधिक असतो. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. ज्या पुडीवर किंवा गोळीवर घटकांची नावे नाहीत ती कितीही गुणकारी म्हणून सांगितली तरी घेऊ नये. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते.

सांध्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने सूज व दुखणे काही आठवडे कमी होते. परंतु अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर १२ आठवड्यांनी दोन वर्षे असे इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली आणि दुखण्यात मात्र काहीच फरक नव्हता. म्हणून दर हंगामाला इंजेक्शन हा मार्ग धरू नये.

ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या "कूर्चा भरून येते" म्हणून खपतात. सुमारे दीड हजार रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत २००६ साली या गोळ्या एकूण रुग्णांत नुसत्या पिठाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्वतःच्या रक्तातील घटक सांध्यात टोचण्याच्या महागड्या उपचाराची ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेर वेदना आणि कूर्चा या दोन्हींत मिठाच्या पाण्यापेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. दुर्बिणीतून गुडघा "धुऊन" घेण्याची शस्त्रक्रियाही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोट्या शस्त्रक्रियेहून चांगली ठरली नाही. अशा उपचारांसाठी कर्ज काढण्यापूर्वी किंवा जनावर विकण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. तेवढ्याच पैशात कोळपे, कमोड आणि बैठक येऊ शकते, आणि ती रोज उपयोगी पडते.

कूर्चा पूर्णपणे झिजून हाडावर हाड घासू लागले, रात्रीची झोप उडाली आणि चालणे अवघड झाले, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया गुणकारी आहे. कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. मात्र कृत्रिम सांधा बसविल्यावरही उकिडवे बसणे व जड ओझे उचलणे टाळावे लागते आणि व्यायाम करावाच लागतो. तेव्हा जो बदल शस्त्रक्रियेनंतर करावयाचा तो आधीच केलेला बरा.

डॉक्टरांकडे त्वरित केव्हा जावे?

झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दुखणे कामानंतर वाढते. पुढील लक्षणे दिसल्यास दुखणे वेगळे असू शकते. त्या वेळी घरगुती उपाय करीत बसू नये.

१) सांधा लाल, गरम व सुजलेला असून ताप असणे.
२) सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणे, किंवा हातांची अनेक बोटे एकाच वेळी सुजणे.
३) गुडघा मध्येच अडकणे किंवा अचानक दगा देणे.
४) विश्रांती घेत असतानाही सतत दुखणे, वजन घटणे, संध्याकाळी बारीक ताप येणे.
५) पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर पायावर भार देता न येणे.

थोडक्यात सांगावयाचे तर, गेलेली कूर्चा परत येत नाही, परंतु उरलेली पुष्कळ वर्षे टिकविता येते. उकिडवे बसण्याचे तास कमी करावेत, अंगावरचे व डोक्यावरचे वजन उतरवावे, मांडीला बळ द्यावे आणि गुडघा रोज हलता ठेवावा. घरातील ज्या स्त्रीने वीस-पंचवीस वर्षे खुरपणी केली, तिने उठताना गुडघ्यावर हात टेकण्यास सुरुवात केली असेल तर ती खूण ओळखावी. येत्या हंगामात तिच्या हाती खुरपे देण्यापूर्वी शेतात कोळपे चालेल अशी पेरणी करावी आणि तिला बसण्यासाठी एक स्टूल करून द्यावे.